टोचन लावून सेडान गॅरेजपर्यंत नेताना: ठाणे आणि नवी मुंबईच्या रस्त्यांसाठी

गाडी बंद पडते, ओळखीतलं कोणीतरी दुसरी गाडी घेऊन येतं, डिकीत दोर सापडतो आणि लगेच गाठी मारायला सुरुवात होते. त्याआधी एकच गोष्ट ठरवायची असते: ही गाडी चारही चाकं रस्त्यावर ठेवून ओढता येते का? येत नसेल तर दोर परत डिकीत टाका आणि फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर चढवून नेणारा सपाट ट्रक, बोलवा.

मॅन्युअल गिअरची सेडान न्यूट्रलमध्ये टाकून ओढता येते. अडचण ऑटोमॅटिकची आहे. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी हे ऑटोमॅटिकचे दोन प्रकार. टॉर्क कन्व्हर्टरच्या आणि बहुतेक सीव्हीटी गिअरबॉक्समध्ये आतलं तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि पुढची चाकं मात्र रस्त्यावर फिरताहेत, म्हणजे आतले भाग तेलाशिवाय घासत फिरणार. लिव्हर न्यूट्रलला टाकला म्हणून हे टळत नाही. काही कंपन्या ठरावीक वेगाने ठरावीक अंतर ओढायला परवानगी देतात. ती मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत छापलेली असेल तरच ती धरा, मेकॅनिकच्या अंदाजावर जाऊ नका. एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर यंत्राने आपोआप बदलणारी गाडी, हिचा गिअरबॉक्स आतून मॅन्युअलच असतो, त्यामुळे न्यूट्रल पडला तर ती ओढता येते. पण वीज गेल्यामुळे ती एखाद्या गिअरमध्येच अडकून बसलेली असू शकते. दोघांनी हाताने ढकलून पाहा; सहज सरकली तर ठीक. इलेक्ट्रिक आणि स्ट्राँग हायब्रिड गाडीची मोटर चाकांना जोडलेली असते. चाकं फिरली की ती वीज तयार करायला लागते आणि नुकसान मोठं होतं. अशा गाडीला दोर लावायचाच नाही.

ब्रेक गेलेली, स्टेअरिंग किंवा सस्पेन्शनला मार बसलेली, चाक वाकडं झालेली गाडीही दोराला बांधायची नाही. टोचनमध्ये मागच्या गाडीचे ब्रेक हेच सर्वात महत्त्वाचं साधन आहे, ते का ते पुढे येईलच.

जागेचाही विचार करा. वाशी खाडीपूल, ऐरोली पूल, मुंब्रा बायपास, गायमुखचा घाट, पाम बीच रोड आणि कळंबोलीपासून पुढचा पुण्याचा एक्सप्रेसवे इथे दोराने टोचन लावू नका. पुलावर बाजूला घ्यायला जागा नाही, बायपासवर आणि घाटात ट्रक मागे चिकटलेले, पाम बीचवर मागून येणारा वेगात. तुमचा वेग ताशी २० आणि त्याचा ६० असेल, तर तुम्ही त्याच्यासाठी जवळजवळ उभेच असता. अशा ठिकाणी हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवणारं बटन) लावा, माणसं गाडीतून उतरवून रहदारीपासून दूर, पूल नसेल तिथे कठड्यापलीकडे, उभी करा आणि क्रेन बोलवा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही हेल्पलाइन आहे. इन्शुरन्स पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स घेतलं असेल तर त्याचा नंबर आत्ताच फोनमध्ये साठवा. रात्री पावसात पॉलिसीची पीडीएफ शोधणं जमत नाही.

मग दोराने टोचन लावायचं कुठे? वस्तीतल्या रस्त्यांवर, कमी अंतरावर, जवळच्या गॅरेजपर्यंत. मानपाड्याहून वागळे इस्टेट किंवा नेरुळहून तुर्भे, हा त्याचा पल्ला. त्यापलीकडे फ्लॅटबेडचे पैसे देणं शहाणपणाचं.

सामान

पॉलिस्टर किंवा नायलॉनचा विणलेला पट्टा, लांबी ४ मीटर, तुटण्याची क्षमता किमान ५ टन. दोन डी-शॅकल, म्हणजे पिनने बंद होणाऱ्या लोखंडी कड्या, पिनला आटे असलेले. लाल कापडाच्या दोन पट्ट्या. पुठ्ठ्यावर तीन इंच उंचीच्या ठळक अक्षरांत लिहिलेला ‘ऑन टो’चा फलक. लाकडाचे दोन ओंडके, चाकाखाली लावायला. जाड हातमोजे.

पाच टन कशाला, गाडी तर सव्वा टनाचीही नाही, असं वाटेल. हिशोब करून पाहू. होंडा सिटी किंवा व्हर्नाच्या वर्गातली गाडी माणसासकट साधारण १,२०० किलो धरा. सपाट डांबरी रस्त्यावर ती सरकती ठेवायला जेमतेम १५ ते २० किलोची ओढ पुरते. २० फुटांना १ फूट असा चढ लागला तर त्यात ६० किलोची भर पडते. म्हणजे शांतपणे ओढलं तर पट्ट्यावर १०० किलोसुद्धा येत नाहीत. सगळा घात झटक्यात आहे. पट्टा ढिला पडला, पुढची गाडी निघाली आणि दोघींच्या वेगात ताशी ५ किलोमीटरचा फरक असताना पट्टा ताणला गेला, तर थोड्या ताणणाऱ्या पट्ट्यावरसुद्धा ढोबळ हिशोबाने अर्ध्या टनाच्या आसपास जोर येतो. फरक १० चा झाला की तो दुप्पट. तीच जागा स्टीलच्या तारेने घेतली तर तार ताणलीच जात नाही, त्यामुळे तोच झटका कितीतरी पटीने वाढून हुकवर बसतो. तार तुटली तर तिचं टोक मागच्या काचेवर येतं. तार नको.

पिवळा-निळा प्लॅस्टिकचा दोर हार्डवेअरच्या दुकानात स्वस्त मिळतो. तो उन्हात कडक होतो आणि गाठ मारली की त्याची ताकद जवळजवळ निम्मी उरते. तयार पट्ट्याच्या टोकाला उघडे, चिमटा नसलेले हुक असतील तर तेही काढून टाका. पट्टा क्षणभर ढिला पडला की असा हुक खाली गळतो. शॅकल लावला की ही भानगड उरत नाही. शॅकलची पिन पूर्ण आवळा आणि मग पाव फेरा मागे घ्या. नाहीतर ओढ बसल्यावर ती जाम होते आणि गॅरेजच्या दारात पाना मागत बसावं लागतं.

हुक कुठे असतो

बऱ्याच नव्या सेडानमध्ये टोइंग हुक सुटा येतो. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात जॅक आणि व्हील पान्यासोबत तो ठेवलेला असतो. पुढच्या बंपरवर एका बाजूला तळहातापेक्षा लहान, चौकोनी किंवा गोल झाकण असतं. त्याच्या खाचेत कापड गुंडाळलेला स्क्रू ड्रायव्हर घालून ते उचला. आत आट्यांचं भोक दिसेल. हुक आधी हातानेच फिरवा. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाड्यांत हे आटे उलटे असतात, म्हणजे हुक डावीकडे फिरवला की आत जातो. इतर गाड्यांत बहुधा नेहमीसारखे. एका दिशेने आटे धरत नसतील तर जोर लावू नका, दुसऱ्या दिशेने बघा. हाताने जाईल तितका आत गेला की व्हील पान्याचा दांडा हुकच्या भोकातून घालून शेवटपर्यंत आवळा. दोन आटे बाहेर राहिलेला हुक पहिल्याच वळणावर वाकतो.

काही गाड्यांना बंपरच्या खाली वेल्ड केलेली कडी असते. तिच्यावर विसंबण्यापूर्वी पुस्तिका पाहा, कारण काही कड्या गाडी ट्रेलरवर बांधण्यापुरत्याच असतात. ओढणाऱ्या गाडीच्या मागेही अशीच सोय लागते आणि ती प्रत्येक मॉडेलमध्ये असतेच असं नाही. बंपर, क्रॅशगार्ड, लोअर आर्म, टाय रॉड, रेडिएटरचा आडवा पत्रा, मागचा ॲक्सल यांना पट्टा बांधायचा नाही. जागा सापडत नसेल तर ती गाडी ओढायच्या कामाची नाही. ओढणारी गाडी वजनाने निदान तेवढीच हवी. सव्वा टनाच्या सेडानला लहान हॅचबॅकने ओढणं म्हणजे त्या हॅचबॅकच्या क्लचची वाट लावणं.

हुक सरळ ओढीसाठी बनवलेला असतो. म्हणून दोन्ही गाड्या एका रेषेत उभ्या करूनच पट्टा जोडा. एका गाडीचा हुक डावीकडे आणि दुसरीचा उजवीकडे असेल तर पट्टा थोडा तिरका जातो, तेवढं चालतं. गटारात उतरलेली गाडी बाजूने खेचायला हा हुक वापरू नका.

रस्त्याचे नियम साधे आहेत: दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको आणि मागच्या गाडीच्या स्टेअरिंगवर लायसन्स असलेला माणूस हवा. पट्टा लोकांना दिसला पाहिजे, म्हणून त्यावर लाल कापडं दोन ठिकाणी बांधा. मधोमध एकच बांधलं तर पुढच्या गाडीच्या सावलीत ते नजरेतून सुटतं. फलक मागच्या गाडीच्या पाठी लावा, नंबर प्लेट झाकू नका.

मागच्या गाडीत

अनुभवी ड्रायव्हर मागे बसवा. बरेच जण उलट करतात: नवशिक्याला बंद गाडीत बसवतात, कारण त्याला फक्त स्टेअरिंग धरायचं आहे असं वाटतं. प्रत्यक्षात ब्रेक मारायचे आहेत ते मागच्यानेच. पुढच्याने ब्रेक मारला तर मागच्या गाडीला तो कळतो धडक बसल्यावर. दोन्ही गाड्यांचा वेग कमी करणं आणि पट्टा ताठ ठेवणं, ही दोन्ही कामं मागच्या पायाची आहेत.

चावी इग्निशन ऑनला ठेवा. नाहीतर पहिल्याच वळणावर स्टेअरिंग लॉक होतं आणि इंडिकेटरही मिळत नाहीत. पुश बटनच्या गाडीची बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर आधी जंपर केबल किंवा दुसरी बॅटरी लावा. तिच्याशिवाय स्टेअरिंगचा लॉक सुटत नाही आणि इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर तोही निघत नाही.

इंजिन बंद असताना ब्रेकला व्हॅक्यूमची मदत नसते. साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन वेळा पेडल दाबेपर्यंत पुरतो, त्यानंतर पेडल दगडासारखं कडक होतं. ब्रेक तेव्हाही लागतो, पण पायाचा जोर कितीतरी जास्त लागतो. निघण्यापूर्वी उभ्या गाडीतच पेडल पाच-सहा वेळा दाबा आणि तो कडकपणा पायाला कळू द्या. सीट नेहमीपेक्षा एक खाच पुढे घ्या, म्हणजे पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. स्टेअरिंगही जड होतं, तेव्हा दोन्ही हात त्यावरच हवेत. बिघाड क्लचचा किंवा गिअरचा असेल आणि इंजिन सुरू होत असेल, तर ते न्यूट्रलमध्ये चालूच ठेवा. ब्रेक आणि स्टेअरिंग दोन्ही हलके मिळतात. इंजिन तापलेलं असेल, तेलाचा लाल दिवा लागत असेल किंवा गाडी पाण्यातून काढलेली असेल, तर मात्र ते चालू करायचं नाही. पावसाळ्यात सबवेतल्या पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा स्टार्टर मारला, तर सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढता ओढता गिअरमध्ये टाकून गाडी सुरू करायचा प्रयत्न तर कधीच नको. इंजिन धरलं की गाडी उसळी मारून पुढच्या डिकीत घुसते.

खुणा आधी ठरवा. मागून एक लांब हॉर्न म्हणजे थांब, दोन छोटे म्हणजे हळू. फोन कानाला लावून चालवू नका. मागच्या गाडीचा हॅझर्ड चालू ठेवा. वळणाच्या साधारण ५० मीटर आधी तो बंद करून इंडिकेटर द्या, कारण बऱ्याच गाड्यांत हॅझर्ड चालू असताना इंडिकेटर दिसत नाही.

निघणं, चालणं, थांबणं

पुढच्याने पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर, चालणाऱ्या माणसापेक्षाही हळू पुढे सरकायचं. पट्टा रस्त्यावरून उचलला जातो, सरळ होतो आणि मागच्याला स्टेअरिंगवर हलकी ओढ जाणवते. त्या क्षणी मागच्याने हँडब्रेक सोडायचा. चढावर हे जास्तच काटेकोर पाळा; ओढ बसण्याआधी हँडब्रेक सोडला की गाडी मागे जाते आणि परत येते तो झटका.

त्यानंतर दुसरा गिअर, ताशी २० ते २५ किलोमीटर, डावी लेन. पुढच्याने ॲक्सिलरेटर हळूच सोडून वेग कमी करायचा आणि ब्रेक पेडलला फक्त इतका स्पर्श करायचा की लाल दिवा लागेल. तो दिवा पाहून मागचा ब्रेक लावेल आणि दोन्ही गाड्या थांबवेल. मागच्याची नजर पट्ट्यावर नको. पुढच्या गाडीच्या काचेतून पलीकडचा रस्ता पाहा. गाडी अर्धा फूट उजवीकडे ठेवली तर पुढचं बरंच दिसतं. पट्ट्याने जमिनीकडे झोल घेतला की ब्रेकवर हलका दाब, बस.

स्पीडब्रेकर आला की वेग चालण्याइतका, आणि मागच्या गाडीची मागची चाकं उतरेपर्यंत तोच ठेवा. पुढचा ड्रायव्हर आपली गाडी उतरली की सवयीने पाय दाबतो. त्या वेळी मागची गाडी नेमकी ब्रेकरवर चढत असते. वळणावर पुढच्याने मोठा घेर घ्यावा. मागची गाडी आतल्या बाजूला खेचली जाते, म्हणून मागच्याने पुढच्या गाडीच्या चाकांच्या रेषेतच स्टेअरिंग धरावं, कोपरा कापू नये.

पट्ट्यावरून चाक गेलं तर दोघांनीही थांबा. ढिला पट्टा चाकाखालून किंवा बंपरच्या कडेला अडकलेला असताना ओढलं तर पत्रा फाटतो. खाली उतरून, पट्टा मोकळा करून, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. पुढच्या गाडीतून क्लचचा जळका वास आला तर दहा मिनिटं विश्रांती द्या.

आपल्याकडचा खरा धोका वेगळाच आहे: दोन गाड्यांमधली ४ मीटरची मोकळी जागा बघून त्यात घुसणारी स्कूटर. सिग्नलला थांबलेल्या गाड्यांमधून वाट काढणं इतकं अंगवळणी पडलेलं आहे, की पट्टा दिसेपर्यंत स्कूटर त्यावर आलेली असते. रस्ता ओलांडणारा माणूसही तेच करतो. म्हणून पुढच्या गाडीत तिसरा माणूस बसवा. सिग्नलला तो डाव्या बाजूने उतरून पट्ट्याशी उभा राहील, हात आडवा करेल आणि हिरवा दिवा लागण्याआधी परत बसेल. त्याहून चांगलं म्हणजे सकाळी सातच्या आत निघा. घोडबंदर रोडवरून कापूरबावडी, माजिवड्याकडे येताना उड्डाणपुलांवर चढू नका, खालचा रस्ता धरा. पुलावर चढही आहे आणि थांबायला जागाही नाही. नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्यापेक्षा सेक्टरच्या आतले रस्ते बरे, स्पीडब्रेकर जास्त असले तरी.

जोराच्या पावसात थांबा. मागच्याचे वायपर बॅटरीवर चालतील, पण बॅटरी किती उरली आहे ते कुणाला माहीत, आणि ओल्या ब्रेकला व्हॅक्यूमची मदतही नाही. पाण्यातून काढलेली गाडी असेल तर पहिले शे-दोनशे मीटर पेडल मधूनमधून हलकं दाबत राहा, म्हणजे पॅड कोरडे होतात.

बेसमेंटमध्ये अडकलेली गाडी

ठाणे-नवी मुंबईच्या टॉवरमधला हा नेहमीचा प्रसंग. फ्लॅटबेड उंचीमुळे आत येत नाही, म्हणून गाडी आधी वर काढावी लागते. ऑटोमॅटिक असेल तर पुस्तिका ओढायला परवानगी देते का ते इथेही आधी पाहा. देत असेल, पण बॅटरी उतरल्यामुळे लिव्हर पार्कमध्ये अडकला असेल, तर बऱ्याच गाड्यांत लिव्हरच्या शेजारी एक छोटं झाकण असतं. त्याखालच्या खाचेत चावी किंवा स्क्रू ड्रायव्हर दाबून धरला की, ब्रेक पेडल दाबून लिव्हर न्यूट्रलला येतो. त्याआधी चाकाखाली ओंडके लावलेले असू द्या. पण सगळ्यात आधी जंपर केबल लावून बघा. बेसमेंटमध्ये आठवडेच्या आठवडे उभ्या असलेल्या गाड्या बहुतेक वेळा बॅटरीनेच मेलेल्या असतात.

रॅम्पचा चढ आठास एक असेल तर १,२०० किलोच्या गाडीला वर खेचायला १५० किलोच्या पुढे ओढ लागते. पट्ट्याला ते काहीच नाही, पण ओढणाऱ्या गाडीच्या टायरना आहे. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी चढावर ओढायला लागली की वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि गुळगुळीत काँक्रीटवर जागेवरच फिरतात. इथे मागच्या चाकांवर चालणारी बोलेरो, स्कॉर्पिओ किंवा इनोव्हा क्रिस्टा हवी. रॅम्प सरळ असेल तरच हे करा. गोल फिरणाऱ्या रॅम्पवर पट्टा आतल्या भिंतीकडे ओढतो आणि मागची गाडी भिंतीला घासते. तिथे रिकव्हरीवाल्याला बोलवा, त्याच्याकडे चाकाखाली घालायच्या छोट्या ट्रॉली असतात का, ते फोनवरच विचारा. वॉचमनला सांगून रॅम्पची दोन्ही तोंडं बंद करा. एक माणूस ओंडका घेऊन मागच्या गाडीच्या बाजूने चालेल, मागे नाही. गाडी थांबली की लगेच चाकाखाली ओंडका.

फ्लॅटबेड आल्यावर

आधी गाडीचे चारही बाजूंनी फोटो, ओडोमीटरचाही एक. सेडानचा पुढचा बंपर खाली असतो, तेव्हा रॅम्पच्या सुरुवातीला फळ्या लावायला सांगा. बांधताना पट्टे टायरवरून घेतलेले हवेत. सस्पेन्शनच्या आर्मला साखळी घालू देऊ नका. फ्लॅटबेडऐवजी पुढची चाकं उचलणारी क्रेन आली तर आपल्याकडच्या बहुतेक सेडानना ते चालतं, कारण त्या पुढच्या चाकांवर चालतात. फक्त हँडब्रेक सोडलेला असल्याची खात्री करा. क्रेनवाला मागून उचलायला लागला आणि गाडी ऑटोमॅटिक असेल तर त्याला थांबवा, कारण पुढची चाकं रस्त्यावर फिरणार.

गॅरेजमध्ये गाडी सोडताना मेकॅनिकला सांगा की ती दोराने आली की फ्लॅटबेडवर, किती अंतर आणि इंजिन चालू होतं की बंद. हुक काढून, आटे पुसून जागेवर ठेवा. पट्टा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा आणि मग सबंध लांबी बोटांतून ओढून पाहा. कुठे विणीचे धागे तुटलेले किंवा उष्णतेने चकाकलेले लागले, तर तो पट्टा कापूनच टाका, म्हणजे दुसरं कुणी तो उचलून वापरणार नाही.